दाताचा शेजार : दंतवैद्यकाच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी तोंडाची शरीररचना

खालची दाढ किडलेले दोन रुग्ण एकाच दिवशी तपासायला येतात. एकाच्या हिरडीवर गालाच्या बाजूने छोटा फोड आलेला असतो. तो फुटला की ठणका ओसरतो आणि रुग्ण पुन्हा बागेतल्या कामाला लागतो. दुसऱ्याची सूज जबड्याच्या हाडाखालून गळ्याकडे उतरलेली असते, तोंड दोन बोटेही उघडत नाही, लाळ गिळणे जड जाते आणि त्याला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात हलवावे लागते. कीड दोघांचीही सारखीच खोल गेलेली असू शकते. मुळाचे टोक हाडाच्या कोणत्या बाजूला जवळ आहे आणि ते एका स्नायूच्या रेषेच्या वर आहे की खाली, काही मिलिमीटरच्या या फरकावर दोघांची गत ठरते.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शरीररचना हा विषय नावांचा डोंगर वाटतो, आणि नावे पाठ केल्यावाचून सुटका नाही हेही खरे. तरीही रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावोगावच्या रुग्णांना तपासताना आणि विद्यार्थ्यांना शिकवताना माझे मत पक्के झाले आहे की तोंडातला प्रत्येक भाग त्याच्या शेजारासह शिकला तरच तो हाती लागतो. दाताच्या पलीकडे हाड किती जाड आहे, हाडाला कोणता स्नायू कुठे चिकटला आहे, त्याच्यापलीकडे कोणती पोकळी किंवा कोणता मज्जातंतू आहे, हे माहीत असेल तर सूज कुठे येणार, भूल कुठे द्यायची आणि दुखणे कुठे जाणवणार, याचा अंदाज स्वतःच बांधता येतो. हा लेख त्याच अंगाने लिहिला आहे.

ओठांपासून पडजिभेपर्यंत

तोंड मिटून दातांवर दात ठेवले की तोंडाच्या पोकळीचे दोन भाग पडतात. बाहेरून ओठ व गाल आणि आतून दात व हिरड्या यांच्यामधल्या अरुंद जागेला व्हेस्टिब्यूल म्हणतात, तर दातांच्या आतली, बहुतांशी जिभेने व्यापलेली जागा ही खरी मुखगुहा होय. दात घट्ट मिटलेले असतानाही या दोन भागांमधला संबंध पूर्णपणे तुटत नाही. शेवटच्या दाढेच्या मागे दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा उरते. माडावरून पडून किंवा घाटात दुचाकी घसरून जबडा मोडलेल्या रुग्णाचे वरचे-खालचे दात तारेने एकत्र बांधावे लागतात, तेव्हा काही आठवडे त्याच्या पोटात जाणारी भाताची पेज बरीचशी याच वाटेने आत शिरते.

मुखगुहेचे छत म्हणजे टाळू. पुढचा भाग हाडाचा आणि कठीण असतो, मागचा स्नायूंचा व मऊ असतो आणि त्याच्या मध्यावर पडजीभ लोंबते. गालाचा मुख्य स्नायू बक्सिनेटर. तो वरच्या आणि खालच्या जबड्याला दाढांच्या बाहेरच्या बाजूने चिकटलेला असतो. तळाशी मायलोहायॉइड नावाचा स्नायू खालच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंच्या मध्ये पसरलेला असतो आणि त्याच्या वर ते तोंड, खाली ती मान, अशी सीमा आखतो. हे दोन स्नायू जबड्याला नेमके कुठे चिकटतात ते नीट लक्षात ठेवावे, कारण पुढे पू कुठे पसरतो ते समजून घेताना सगळी भिस्त त्यांच्यावरच आहे.

आतले अस्तरही सगळीकडे एकसारखे नसते. हिरड्या आणि कठीण टाळू यांवर घास चावताना घर्षण होते, म्हणून तिथले आवरण जाड, केराटिनयुक्त आणि खालच्या हाडाला घट्ट बांधलेले असते. गाल, ओठ आणि जिभेखालची जागा यांचे आवरण मऊ आणि सैल असते. जिभेखाली तर ते इतके पातळ असते की खालच्या निळसर शिरा डोळ्यांना दिसतात आणि काही औषधे तिथे ठेवली की थेट रक्तात उतरतात. जिभेच्या पाठीवरचे आवरण तिसऱ्या प्रकारचे. त्यावर चवीचे अंकुर असतात आणि अगदी मागे इंग्रजी व्ही अक्षराच्या रेषेत आठ ते बारा मोठे गोल अंकुर बसलेले असतात. आरशात जीभ बाहेर काढल्यावर ते प्रथमच दिसले की कर्करोगाच्या भीतीने धावत येणारे रुग्ण असतात. त्यांची समजूत घालायला ही एक माहिती पुरते.

लाळेच्या नळ्या मात्र प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतः पाहाव्यात. सोबत्याला खुर्चीत बसवून त्याचा गाल आरशाने बाहेर ओढा आणि वरच्या दुसऱ्या दाढेसमोरचा गालाचा आतला भाग गॉजने पुसून कोरडा करा. तिथे एक लहानसा उंचवटा दिसतो. आता कानासमोरून गालाच्या दिशेने बाहेरून हलका दाब देत बोट पुढे आणा. क्षणभरात त्या उंचवट्याच्या टोकावर पाण्यासारखा स्वच्छ थेंब जमतो. ही पॅरोटिड ग्रंथीची स्टेन्सन नलिका. सुमारे 5 सेंटिमीटर लांबीची ही नळी मॅसेटर या चावण्याच्या स्नायूवरून पुढे येते आणि बक्सिनेटरला भेदून तोंडात उघडते. थेंबाऐवजी गढूळ स्राव किंवा पू आला तर ग्रंथीत संसर्ग आहे, हे कोणत्याही यंत्राशिवाय कळते.

जबड्याखालच्या सबमँडिब्युलर ग्रंथीची नळी, म्हणजे व्हॉर्टनची नलिका, जिभेखाली मधल्या पडद्याच्या दोन्ही अंगांना उघडते. ही ग्रंथी मायलोहायॉइडच्या मागच्या कडेला वळसा घालून बसलेली असते आणि तिची नळी त्या स्नायूच्या वरून पुढे जाते. लाळ जरा दाट, वाट लांब आणि चढणीची, त्यामुळे लाळेचे खडे बहुतेक याच नळीत होतात आणि जेवायला बसताच जबड्याखाली सूज येऊन ठणका लागतो. नळ्या उघडतात तिथेच दातांवर कीटण लवकर चढते. खालच्या पटाशीच्या दातांची आतली बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू या दोन जागी ते सर्वांत जास्त का सापडते, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

दाताच्या आत आणि भोवती

मुलांना 20 दुधाचे दात असतात आणि मोठ्यांना अक्कलदाढा धरून 32. मोठ्यांच्या जबड्याच्या प्रत्येक चतकोरात दोन पटाशीचे दात, एक सुळा, दोन उपदाढा आणि तीन दाढा अशी मांडणी असते. दोन अंकी पद्धतीत पहिला अंक चतकोराचा आणि दुसरा मधल्या रेषेपासून मोजलेल्या दाताचा. म्हणून 36 म्हणजे खालची डावी पहिली दाढ. या दाढेबद्दल आयांना आवर्जून सांगावे लागते. ती सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, एकही दात न पडता उगवते. त्यामुळे ती दुधाचीच असावी, किडली तरी पडून नवी येईल, असे घरात धरले जाते आणि आयुष्यभर पुरायची दाढ दहाव्या वर्षीच काढायची वेळ येते.

दाताचा हिरडीबाहेरचा भाग एनॅमलने झाकलेला असतो. वजनाच्या सुमारे 96 टक्के खनिज असलेला हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. दाढांच्या उंचवट्यांवर त्याची जाडी दोन ते अडीच मिलिमीटर भरते आणि मानेपाशी येता येता तो अगदी पातळ होतो. त्याला घडवणाऱ्या पेशी दात उगवताना नाहीशा होतात, म्हणून झिजलेले किंवा फुटलेले एनॅमल शरीर पुन्हा तयार करू शकत नाही. त्याच्या आतले डेंटिन मात्र जिवंत असते. त्यात पृष्ठभागापासून आतल्या मज्जेपर्यंत जाणाऱ्या सूक्ष्म नलिका असतात. मज्जेजवळ दर चौरस मिलिमीटरला त्यांची संख्या पन्नास हजारांच्या आसपास जाते. बाहेरच्या बाजूला ती बरीच कमी असते. नलिकांमध्ये द्रव भरलेला असतो. हिरडी मागे सरून डेंटिन उघडे पडले की गार पाण्याने किंवा वाऱ्याच्या झोताने हा द्रव हलतो आणि आतल्या टोकाशी असलेले मज्जातंतू चेतवले जातात. दातांना येणाऱ्या झिणझिण्यांचे हे स्पष्टीकरण स्वीडनच्या ब्रेनस्ट्रॉम यांनी 1960 च्या दशकात प्रयोगांनी पुढे आणले आणि आजही तेच सर्वाधिक मान्य आहे.

मज्जा, म्हणजे पल्प, चारी बाजूंनी कठीण भिंतींनी वेढलेली असते. शरीरात इतरत्र सूज आली की ऊतींना फुगायला जागा मिळते. इथे ती नसते, दाब वाढत जातो आणि मुळाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून आत येणारा रक्तपुरवठा धोक्यात येतो. रात्री आडवे झाल्यावर ठणका वाढतो, कारण डोक्याकडचा रक्तदाब किंचित वाढतो आणि आत आधीच जागा नसते. ठणका अचानक थांबला की रुग्ण सुटकेचा निःश्वास टाकतो, पण पुष्कळदा तेव्हा मज्जा मेलेली असते आणि जंतू मुळाच्या टोकाबाहेर हाडात उतरण्याच्या तयारीत असतात.

दात हाडात थेट रुतलेला नसतो. मुळावरचे सिमेंटम आणि खोबणीचे हाड यांच्यामध्ये साधारण 0.2 मिलिमीटर रुंदीचा तंतूंचा थर असतो, त्याला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात. चावण्याचा भार हे तंतू झेलतात आणि दाताला दाबाची अचूक जाणीवही याच थरातून होते. तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, नीट धुतल्या गेल्या नसतील तर रश्श्यातला वाळूचा एकच कण दातांखाली येताच चावणे आपोआप थांबते. ती जाणीव मज्जेतून आलेली नसते. रूट कॅनाल केलेल्या, मज्जा काढून टाकलेल्या दातालाही तो कण तसाच कळतो. कोणत्या दाताखाली दुखते हे रुग्ण नेमके सांगू लागला, दातावर हलके ठोकल्यावर कळवळला, तर दाह या थरापर्यंत पोहोचला असे समजावे.

निरोगी हिरडी आणि दात यांच्यामध्ये एक उथळ खाच असते, तिची खोली मोजपट्टीच्या सळईने साधारण तीन मिलिमीटरपर्यंत भरते. खाचेच्या तळाशी हिरडी दाताला पेशींच्या आणि तंतूंच्या पट्ट्याने चिकटलेली असते आणि या पट्ट्याची उंची हाडाच्या कडेपर्यंत सरासरी दोन मिलिमीटर असते. कॅप बसवताना तिची कड या पट्ट्यात घुसवली तर हिरडी कायम लाल, सुजलेली राहते आणि हाड मागे सरू लागते. पेडव्यासारखा काटेरी मासा खाणाऱ्यांच्या हिरडीत एखादा बारीक काटा याच खाचेत उभा शिरतो. एकाच दातापाशी, बाकी तोंड निरोगी असताना, अचानक पू दिसला तर काय खाल्ले होते ते विचारून खाच बारकाईने तपासावी; काटा निघाला की दुसऱ्या उपचाराची गरज क्वचितच उरते.

मुळांचा विचार दाताच्या आकारापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण क्ष-किरण चित्रात ती एकमेकांवर येतात आणि फसवतात. वरच्या पहिल्या दाढेला तीन मुळे असतात : दोन गालाकडे आणि एक, बहुधा सर्वांत लांब, टाळूकडे. गालाकडच्या पुढच्या मुळात पुष्कळदा दोन नळ्या असतात आणि दुसरी न सापडल्यामुळे रूट कॅनाल अपयशी ठरल्याची उदाहरणे नेहमी पाहायला मिळतात. खालच्या पहिल्या दाढेला एक पुढे, एक मागे अशी दोन मुळे असतात. वरच्या पहिल्या उपदाढेला बहुधा दोन, आणि सुळ्याला एकच, पण सगळ्या दातांत लांब.

जांभा आणि काळा कातळ

आपल्याकडच्या कोणालाही दोन्ही जबड्यांच्या हाडांतला फरक चटकन समजावा. वरचा जबडा जांभ्यासारखा, भोके असलेला आणि पाझरणारा. खालचा दाढांपाशी काळ्या कातळासारखा, दाट आणि अभेद्य. म्हणूनच वरच्या दातासाठी मुळाच्या टोकाशेजारी हिरडीत दिलेली भूल पातळ हाडातून झिरपून काही मिनिटांत मज्जातंतूपर्यंत जाते. खालच्या दाढेशेजारी तेवढीच भूल दिली तर ती बहुधा हाडाबाहेरच राहते. खालचे पटाशीचे दात हा अपवाद, कारण तिथले हाड पातळ आहे.

खालच्या दाढांसाठी मज्जातंतू हाडात शिरण्यापूर्वीच गाठावा लागतो. जबड्याच्या उभ्या फांदीच्या आतल्या पृष्ठभागावर, साधारण मध्यावर, मँडिब्युलर फोरामेन नावाचे छिद्र आहे. 1884-85 मध्ये अमेरिकेतले शल्यचिकित्सक विल्यम हॅल्स्टेड यांनी कोकेन वापरून या जागी मज्जातंतू बधिर करून दाखवला. नंतर कोकेनची जागा इतर औषधांनी घेतली, 1943 मध्ये स्वीडनमध्ये नील्स लोफग्रेन यांनी लिडोकेन तयार केले, पण सुईची वाट आजही मुळात तीच आहे.

ती वाट बोटाने शिकता येते. रुग्णाला तोंड मोठे उघडायला सांगून अंगठा खालच्या दाढांच्या मागे, जबड्याच्या उभ्या फांदीच्या पुढच्या कडेवर ठेवावा. कड जिथे सर्वांत जास्त आत वळलेली लागते तो कोरोनॉइड नॉच. अंगठ्याच्या आतल्या बाजूला, वरून खाली येणारी श्लेष्मल त्वचेची एक घडी ताणलेली दिसते; तिच्याखाली बक्सिनेटर आणि घशाचा स्नायू यांना जोडणारा पट्टा असतो. या घडीच्या आणि अंगठ्याच्या मध्ये, खालच्या दाढांच्या पातळीपेक्षा सहा ते दहा मिलिमीटर वर सुई टोचतात आणि सिरिंज समोरच्या बाजूच्या उपदाढांवरून आणतात. प्रौढ माणसात 20 ते 25 मिलिमीटर आत गेल्यावर टोकाला हाड लागते. हाड लागल्यावर सुई किंचित मागे घेऊन, सिरिंजचा दट्ट्या ओढून रक्त येत नाही ना ते पाहून, मगच औषध हळूहळू सोडायचे असते, कारण मज्जातंतूच्या शेजारीच रोहिणी आणि नीला आहेत.

प्रत्येक चुकीचे उत्तर शरीररचनेत सापडते. हाड फार लवकर लागले तर टोक पुढे राहिले आहे. हाड लागलेच नाही तर टोक मागे निघून गेले आहे. तिथे पॅरोटिड ग्रंथी आणि तिच्या पोटातून जाणारा चेहऱ्याचा मज्जातंतू आहे, म्हणून औषध तिथे सोडले तर रुग्णाला त्या बाजूची पापणी काही तास मिटता येत नाही. लहान मुलांत हे छिद्र दाढांच्या पातळीला किंवा त्याखाली असते आणि वयाबरोबर वर सरकते, तेव्हा सुईही खाली धरावी लागते. अर्धी जीभ बधिर होते ती शेजारून जाणाऱ्या लिंग्वल मज्जातंतूमुळे. दाढांच्या गालाकडची हिरडी मात्र लाँग बक्कल या वेगळ्या तंतूकडे असल्याने दाढ काढायची तर तिथे वेगळी टोचणी द्यावी लागते.

लिंग्वल मज्जातंतू खालच्या अक्कलदाढेपाशी हाडाच्या आतल्या भिंतीला अगदी खेटून जातो, काही जणांत तर नुसत्या त्वचेखालून. दाढ काढताना या बाजूला अवजार निसटले तर जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची संवेदना आणि चव दोन्ही जाऊ शकतात. काढण्याचा जोर बाहेरच्या बाजूला का ठेवायचा, याचे उत्तर या एका शेजारात आहे.

वरच्या दाढांचा शेजारी वेगळाच : मॅक्सिलरी सायनस ही वरच्या जबड्याच्या हाडातली, गालामागची हवेची पोकळी. इंग्लंडच्या नॅथॅनियल हायमोर यांनी 1651 मध्ये तिचे वर्णन केले. दुसरी उपदाढ आणि पहिल्या दोन दाढा यांच्या मुळांची टोके तिच्या तळाला टेकलेली असतात. कधी मध्ये हाडाचा पातळ पापुद्रा असतो, कधी नुसते अस्तर. सर्दीनंतर वरच्या एकाच बाजूच्या तीन-चार दाढा एकदम दुखू लागल्या, खाली वाकल्यावर दुखणे वाढले, आणि दात मात्र निरोगी दिसले, तर दाढ काढायची घाई करू नये. दाढ काढल्यावर चूळ भरताना पाणी नाकातून आले तर सायनसचा तळ उघडा पडला आहे.

पू कोणती वाट धरतो

मुळाच्या टोकाशी साचलेला पू हाडाच्या ज्या भिंतीला सर्वांत जवळ आणि सर्वांत पातळ असेल तिथून बाहेर पडतो. बाहेर पडल्यावर पुढे काय, हे स्नायू ठरवतात. वरच्या दाढेचा पू गालाकडे फुटला आणि मुळाचे टोक बक्सिनेटर चिकटतो त्या रेषेच्या खाली असेल, तर तो तोंडातच, हिरडीच्या खाचेत फोड बनून येतो. टोक रेषेच्या वर असेल तर पू स्नायूच्या बाहेरून गालात भरतो. खालच्या जबड्यात हेच उलटे लावायचे. लेखाच्या सुरुवातीचा पहिला रुग्ण सुदैवी ठरला तो या रेषेमुळे.

वरचा दुसरा पटाशीचा दात पुष्कळांत मुळाकडे टाळूच्या दिशेने झुकलेला असतो, म्हणून त्याचा पू टाळूवर येतो. तिथली त्वचा हाडाला घट्ट बांधलेली असल्याने लहानशी सूजही असह्य दुखते. चीर द्यायची तर पुढून मागे, टाळूच्या रोहिणीला समांतर. सुळ्याचे मूळ लांब असल्याने त्याचा पू तोंडाचा कोपरा उचलणाऱ्या स्नायूच्या मुळाच्याही वर निघतो, नाकाच्या कडेला सूज येते आणि नाकापासून ओठाकडे येणारी वळी पुसली जाते. ही सूज पिळू नये, हे रुग्णाला बजावून सांगावे. तिथल्या शिरा डोळ्याच्या शिरांना आणि त्यांच्यामार्फत कवटीतल्या कॅव्हर्नस सायनस या रक्ताच्या पोकळीला जोडलेल्या आहेत, आणि त्यांतून रक्त उलट दिशेनेही वाहू शकते.

सर्वांत जपून ओळखायची ती खालच्या दाढांची आतली बाजू. मायलोहायॉइड स्नायू जबड्याच्या आतल्या पृष्ठभागावर ज्या रेषेवर चिकटतो ती मागे वर असते आणि पुढे येता येता खाली उतरते. त्यामुळे उपदाढांची आणि बहुधा पहिल्या दाढेची मुळे या रेषेच्या वर संपतात, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या दाढेची रेषेखाली जातात. पहिल्यांचा पू आत फुटला तर जिभेखाली साचतो. दुसऱ्यांचा थेट जबड्याखाली, मानेच्या हद्दीत. स्नायूच्या मागच्या मोकळ्या कडेपाशी या दोन्ही जागा एकमेकींना मिळतात, आणि संसर्ग तिथून दोन्ही बाजूंना, वर आणि खाली पसरला की जर्मन डॉक्टर फॉन लुडविग यांनी 1836 मध्ये वर्णन केलेला आजार होतो. जबड्याखालचा सगळा भाग टणक होतो, जीभ वर आणि मागे ढकलली जाते, आवाज घोगरा होतो, रुग्णाला आडवे झोपवत नाही. या रुग्णाला मृत्यू येतो तो बहुधा श्वासमार्ग बंद झाल्यामुळे, आणि तोही काही तासांत.

कोकणात या माहितीला अंतराचे परिमाण आहे. सिंधुदुर्गातून गोव्यातल्या बांबोळीचे मोठे रुग्णालय किंवा रत्नागिरीतून आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायला वेळ लागतो, आणि पावसाळ्यात तो वाढतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दाढेमुळे जबड्याखाली सूज, तोंड न उघडणे, गिळायला त्रास आणि जिभेखालचा भाग उचललेला, ही चार लक्षणे एकत्र दिसली तर गोळ्या देऊन उद्या बोलावण्यात अर्थ नसतो. रुग्णाला बसत्या स्थितीत लगेच पुढे पाठवावे आणि तिकडे आधी फोन करून श्वासमार्गाची कल्पना द्यावी.

दुखते एकीकडे, जाणवते दुसरीकडे

“दाढ वरची दुकता काय खालची, ताच माका समजणा नाय,” असे मालवणकडचा रुग्ण म्हणतो तेव्हा तो गोंधळलेला नसतो, त्याची मज्जासंस्था त्याला खरोखरच तेवढेच सांगत असते. दोन्ही जबड्यांच्या वेदना ट्रायजेमिनल या एकाच मज्जातंतूच्या दोन शाखांमधून मेंदूकडे जातात आणि तिथे त्यांचे तंतू जवळजवळच्या पेशींवर संपतात. दाह मज्जेपुरता असेपर्यंत नेमकी दाढ ओळखता येत नाही. कानाच्या भागालाही याच मज्जातंतूच्या खालच्या शाखेचा फाटा जातो, म्हणून खालची दाढ किडली की कान दुखतो आणि रुग्ण आठवडाभर कानात थेंब घालत राहतो. मात्र डाव्या दाताचे दुखणे उजवीकडे जाणवत नाही. मधली रेषा ओलांडणाऱ्या तक्रारीचे कारण दुसरीकडे शोधावे.

कानासमोरचा जबड्याचा सांधाही याच यादीत येतो. तोंड थोडे उघडेपर्यंत जबड्याचे डोके जागच्या जागी फिरते, त्यापुढे ते मधल्या चकतीसह पुढे घसरते. जांभई देताना ते हाडाच्या पुढच्या उंचवट्यापलीकडे गेले तर तोंड उघडेच राहते आणि जबडा आधी खाली, मग मागे दाबून बसवावा लागतो.

मशेरीची जागा

तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेल्या तंबाखूने, म्हणजे मशेरीने, दात घासण्याची सवय कोकणातल्या बायकांत अजून आहे, आणि पुरुषांत चुना लावलेली तंबाखू गालात धरण्याची. दोन्हींचा मुक्काम व्हेस्टिब्यूलमध्ये, खालच्या हिरडीच्या आणि गालाच्या मधल्या खोबणीत असतो. तिथले आवरण केराटिनरहित व मऊ, लाळ तिथे साचून राहते आणि खोबणीपलीकडे लगेच जबड्याचे हाड आहे. भारतात तोंडाचा कर्करोग हिरडी-गालाच्या या खोबणीत फार आढळतो त्यामागे ही सवय आहे, आणि हाड इतके जवळ असल्यामुळेच तो लवकर हाडात शिरतो. खोबणी मागे जिथे संपते तिथे शेवटच्या दाढेमागचा त्रिकोणी भाग येतो. तिथली गाठ वर टेरिगॉइड या जबडा हलवणाऱ्या स्नायूंकडे पसरली की तोंड उघडेनासे होते.

श्रीवर्धनपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत सुपारीच्या बागा आहेत आणि सुपारी खाण्यात गैर काही आहे असे पुष्कळांना वाटत नाही. सुपारीमुळे गालाच्या, टाळूच्या आणि घशाच्या कमानीच्या आवरणाखाली तंतू वाढत जातात, गाल पांढरट आणि ताठ होतो, बोटाला आतून उभे पट्टे लागतात. तोंड किती उघडते ते दर भेटीत मोजावे. निरोगी प्रौढाच्या वरच्या-खालच्या पटाशीच्या दातांमध्ये त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात, मोजले तर 35 ते 50 मिलिमीटर. दोनच बोटे मावू लागली तर तिखट सोसत नाही का, तेही विचारावे.

तपासणीचा शेवट मानेवर करावा. जिभेचे टोक, खालच्या ओठाचा मधला भाग आणि खालचे पटाशीचे दात यांचा लसिकाद्रव बहुतांशी हनुवटीखालच्या गाठींत जातो, बाकीच्या दातांचा मुख्यतः जबड्याखालच्या गाठींत आणि पुढे मानेतल्या खोल गाठींत. जिभेचा मात्र दोन्ही बाजूंना जाऊ शकतो. रुग्णाच्या मागे उभे राहून त्याचे डोके पुढे आणि तपासायच्या बाजूला झुकवावे, म्हणजे स्नायू सैल पडतात. मग बोटांची टोके जबड्याच्या खालच्या कडेच्या आतून फिरवावीत. दुखरी, मऊ, बोटाखाली हलणारी गाठ बहुधा दाताच्या संसर्गाची असते. गाठ कठीण, न दुखणारी आणि खालच्या थराला चिकटलेली लागली तर खुर्चीचा दिवा पुन्हा तोंडावर आणून खोबणी शेवटच्या दाढेमागपर्यंत, जिभेच्या दोन्ही कडा आणि जिभेखालची जागा गाल-जीभ ओढून पुन्हा पाहावी, आणि दिसलेली जागा व तिचे माप कागदावर चित्रासह नोंदवून रुग्णाला बायोप्सीची सोय असलेल्या ठिकाणी पाठवावे.